कोबीच्या नत्राचे गणित सुरुवातीलाच का बिघडते?

प्रश्न (हातकणंगले तालुका)
नमस्कार. आमच्या एक एकर कोबीला कोणत्या दिवशी किती नत्र लागते, याचे गणित मी संगणकावर मांडत आहे. लागण ६० बाय ४५ सेंटिमीटरवर आहे. वाढ अडू नये यासाठी झाडात किमान किती टक्के नत्र हवे, हे काढण्यासाठी मी ग्रीनवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे १९९० चे समीकरण घेतले: ५.७ या आकड्याला हेक्टरी टनांतील कोरड्या वजनाच्या वर्गमुळाने भागायचे. वजन ४ टन असताना २.८५ टक्के येतात, ते पटते. परंतु वजन जेमतेम १०० किलो असताना उत्तर १८ टक्के येते, आणि असे रोप असूच शकत नाही. वडील लागणीबरोबरच युरियाचे एक पोते टाकतात. ते विभागून द्यावे असे मला वाटते, पण असल्या गणितावर त्यांना काय सांगणार?

उत्तर (करवीर)
समीकरण बरोबर आहे, ते लावण्याची वेळ चुकली आहे. वजन हेक्टरी १ टनाच्या पुढे गेल्यावरच ते चालते, कारण तेव्हा पाने एकमेकांवर सावली धरू लागतात, सावलीतल्या जुन्या पानांमधला नत्र वरच्या पानांकडे सरकतो, खोड आणि शिरांचा वाटा वाढतो आणि टक्केवारी उतरत जाते. सुट्या रोपांत ही उतरण फारशी नसते. इंग्लंडमधील वेल्सबर्न येथे ग्रीनवूड यांनी भाजीपाल्यासाठी तयार केलेल्या एन-एबल या नत्राच्या गणिती मॉडेलमधील रूप तुम्हांला सोयीचे पडेल: १.३५ × (१ + ३ × ई^(−०.२६ × वजन)); इथे ई म्हणजे २.७१८ आणि वजन हेक्टरी टनांत. वजन शून्यापाशी गेले तरी ते ५.४ टक्क्यांवर थांबते. त्याच मॉडेलमध्ये रोजची वाढ के × वजन ÷ (१ + वजन) अशी धरतात; के हा वाढीचा वेग ठरवणारा स्थिर आकडा.

उदाहरणादाखल रोपाचे कोरडे वजन ०.३ ग्रॅम धरू. तुमच्या अंतराने हेक्टरी सुमारे ३७,००० रोपे बसतात, म्हणजे सुरुवात ११ किलोपासून. ७५ दिवसांत ६ टन व्हायचे असतील तर के सुमारे ०.१६४ येतो. आता विसाव्या दिवशी पाहा: वजन सुमारे २३५ किलो आणि उचललेला नत्र हेक्टरी अवघा १२ किलो, म्हणजे एकरी ५ किलोसुद्धा नाही! तुमच्या वडिलांच्या ४५ किलोच्या पोत्यात २०.७ किलो नत्र असतो. चौतिसाव्या दिवसापर्यंत मागणी हेक्टरी ४६ किलोंवर जाते आणि उरलेल्या ४१ दिवसांत आणखी ८६ किलो लागतात. विभागून देण्याचा तुमचा विचार मला योग्य वाटतो.

उत्तर (शिरोळ तालुका)
वरील हिशोब पिकाच्या मागणीचा आहे. जमीन किती पुरवते, हे वेगळे मांडावे लागेल, आणि तिथे इंग्लंडचे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. आपली जमीन उबदार असल्याने शेणखतातला नत्र हिवाळ्यातही सुटत राहतो, आणि पावसाळ्यातल्या एका जोरदार सरीने नायट्रेट पाण्याबरोबर मुळांच्या खाली जाऊ शकते. काळ्या चुनखडीयुक्त रानात युरिया वरच पडून राहिला तर अमोनिया होऊन हवेतही जातो. म्हणून मुळांची खोली रोज किती वाढते, हे मॉडेलमध्ये धरल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणखी एक सांगतो, कारण यात माझा पूर्ण हंगाम वाया गेला. मी फक्त गड्डे तोलले होते. समीकरणातले वजन जमिनीवरच्या सगळ्या झाडाचे, बाहेरच्या पानांसह, असते. गड्डा काढल्यावर सरीत पडणारी ती हिरवी पाने कुजून त्यांतला नत्र पुढच्या पिकाला मिळतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी माझा हिशोब चुकला. पाच झाडे कापून, चिरून, ओव्हनमध्ये ६५ ते ७० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवावीत. ताज्या वजनावरून अंदाज बांधू नये.

प्रश्नकर्ता
दादा, दोघांचेही मनापासून आभार. समीकरण बदलल्यावर सुरुवातीचे आकडे लगेच जाग्यावर आले. मुळांचे वाचून आज बारा दिवसांची पाच रोपे अलगद उकरून धुतली. सर्वांत लांब मूळसुद्धा वीतभर भरले नाही. ती रोपे वडिलांना हातात धरून दाखवली. पुढच्या लागणीला पोत्याचा चौथा हिस्सा आधी देऊन बाकीचा तीन हप्त्यांत द्यायला ते तयार झाले आहेत. दर पंधरवड्याला पाच झाडे वाळवून त्यांचे वजन इथे लिहीत जाईन.