कोळसा खाणीच्या जुन्या जमिनीवर पाइन तग धरत नाहीत, खत कमी पडतंय का?

रानवाटा: नैऋत्य व्हर्जिनियात सहा एकर जमीन आहे. पूर्वी उघडी खाण होती, नंतर सपाट करून फेस्क्यू गवत पेरलेलं. मार्चमध्ये व्हाइट पाइन लावले. निम्मे वाळले, उरलेल्यांच्या सुया पिवळ्या. युरिया द्यावा का?

मुरूमकर: युरिया अजिबात नको, गवतच माजेल. अमेरिकेच्या 1977 च्या खाण-पुनर्वसन कायद्यानंतर धूप होऊ नये म्हणून या जमिनी डोझरने चोपून चोपून बसवल्या. रोपाला चारेक फूट भुसभुशीत थर हवा, तिथे मुळं वरच्या वितीतच अडकतात. पावसात कुजतात, जुलैत वाळतात.

उपाय रिपरचा, म्हणजे डोझरमागे लावलेल्या, जमीन खोल फाडणाऱ्या दाताचा. मोठ्या डोझरला एकच दात, 3 ते 4 फूट खोल, तासांत 8 फूट अंतर, मग तसेच आडवे तास. छेदांजवळ एकेक रोप धरलं तर एकरी 680 बसतात. उतारावर आडवे-उभे नको, फक्त समपातळीत. काम उन्हाळा सरताना, जमीन कोरडीठाक असतानाच करा. ओल्यात दात नुसती चीर पाडून जातो, बाजूची माती फुटत नाही.

सामूवाला: पण आधी माती तपासा, नाहीतर डोझरचं भाडं वाया. सामू (pH) आणि क्षार, दोन्ही. तपकिरी, झिजलेला वालुकाश्म असेल तर सामू साधारण 5 ते 6, पाइनला उत्तम. खालून आलेला करडा खडक असेल तर 7.5 च्या वर जातो, लोह मिळत नाही आणि कोवळ्या सुया आधी पिवळ्या पडतात. गंधक टाकून फारसा उपयोग नाही, खडक झिजताना पुन्हा चुना सोडतच राहतो. तिथे पाइनचा हट्ट सोडा, ईस्टर्न रेडसीडार लावा.

मुरूमकर: बरोबर, तपासणी आधी.

देवराई: गवताचं कुणीच बोललं नाही! फेस्क्यू रोपाचं पाणी पळवतं, शिवाय त्यात लपलेले उंदीर हिवाळ्यात साल कुरतडतात. शरदात गवत हिरवं असताना तासांवर 4 फुटी पट्ट्यांत ग्लायफोसेट हे तणनाशक मारा, रोपं लावण्याआधीच.

लागवड हिवाळ्यात माती बसल्यावर, मार्च ते एप्रिलच्या मध्यापर्यंत. रोप ऐन चिरेत नको, थोडं बाजूला. चिरेत मुळं पोकळीत लोंबकळतात. मूळ खड्ड्यात दुमडू देऊ नका, टाचेने माती घट्ट दाबा, सुई धरून हलकेच ओढा. रोप वर आलं तर परत लावा.

लॉब्लॉली पाइन झपाट्याने वाढतो म्हणून मोह होईल. उंचावर बर्फाच्या भाराने मोडतो.