पनामा कालव्याचे पाणी आटले, तर जबाबदार कोण?

प्रश्न : २०२३ मध्ये कालव्याला पाणी पुरवणाऱ्या गातून सरोवराची पातळी घटली आणि पनामा कालव्यातून रोज जाणारी सुमारे ३६ जहाजे २४ वर आली, याचे खापर केवळ एल निन्योवर फोडणे योग्य आहे का?

उत्तर : नाही. जलपाशांतून (जहाज वर-खाली नेण्यासाठी पाणी भरता-सोडता येणाऱ्या दरवाजांच्या कप्प्यांतून) एक जहाज चढवून उतरवताना सुमारे १९ कोटी लिटर गोडे पाणी समुद्रात जाते आणि पनामा सिटी व कोलोन ही शहरेही याच सरोवरावर तहान भागवतात. पावसाने ओढ दिली हे खरे. पण नवा साठा वेळेत उभारला नाही, हा दोष नियोजनाचाच आहे.

प्रश्न : सगळ्याच जलपाशांत एवढे पाणी वाया जाते का?

उत्तर : २०१६ च्या नव्या जलपाशांत बाजूच्या टाक्यांमुळे सुमारे ६० टक्के पाणी पुन्हा वापरले जाते, हेही नोंदवायला हवे.

प्रश्न : नव्या साठ्यासाठी धरण बांधले, तर त्याची झळ बसणाऱ्यांचे काय?

उत्तर : कालव्याला पाणी देण्यासाठी रिओ इंदिओ नदीवर नियोजित असलेल्या धरणात ज्यांची घरे बुडतील, त्या शेतकऱ्यांच्या पुनर्वसनाचा भार जहाज कंपन्यांनीही उचललाच पाहिजे.