सिगरेट सोडल्यानंतरचे पहिले दिवस तुम्ही कसे काढलेत?

सिगरेट का सोडावी यावर इथे कुणी लिहू नका. ते ओढणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं, पाकिटावर छापलेलंही असतं. मला हवेत ते सोडल्यानंतरचे पहिले तीन-चार आठवडे. शेवटची विझवल्यावर काही तासांतच शरीर कुरकुर करू लागतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती कुरकुर टोकाला जाते आणि मग हळूहळू उतरते, एवढं पुस्तकी ज्ञान माझ्याकडेही आहे. पण त्या तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही नक्की काय केलंत? हात कुठे ठेवलेत? कुणावर खेकसलात? औषध घेतलं असेल तर तेही लिहा, त्यात कमीपणा काही नाही. सुटलीच पाहिजे अशी अटही नाही.

सुरुवात मी करतो. माझी तलफ तोंडापेक्षा हातात जास्त होती. फोन वाजला की उजवा हात शर्टाच्या खिशाकडे. खिसा रिकामा लागला की पँटच्या खिशाकडे. पहिल्या आठवड्यात एका लांबलचक फोनवर बोलता बोलता मी डबीतल्या सगळ्या पेपरक्लिपा एकमेकींत अडकवून हातभर साखळी केली, आणि पलीकडचा काय म्हणाला ते त्याला पुन्हा विचारावं लागलं. काम होत नव्हतं, हेही सांगून टाकतो. हिशेबाचं काम आहे. एकच रकाना वर-खाली वाचायचो आणि बेरीज डोक्यात शिरायची नाही. आपलं डोकं सिगरेटवरच चालत होतं की काय, अशी भीती वाटली. लक्ष न लागणं हे निकोटिन तुटल्याचं नेहमीचं लक्षण आहे, चिडचिड, बेचैनी, उदासी आणि भूक यांच्याच पंगतीतलं. ते दोन-चार आठवड्यांत ओसरतं. ज्याला जमेल त्याने त्या दिवसांत डोकेफोडीची कामं अंगावर घेऊ नयेत.

तलफ अनावर वाटली तरी एक लाट सहसा काही मिनिटांचीच असते. मी सेकंदकाट्याकडे बघत बसायचो. वैताग यायचा तो याचा, की लाट ओसरली म्हणून जरा टेकावं, तर तासाभरात दुसरी हजर.

कॉफीबाज

छातीत धडधड, हात कापतायत, रात्री दोनला टक्क जागा. सगळं खापर सिगरेट सोडण्यावर फोडून मोकळा झालो होतो. डॉक्टरांनी नाडी बघता बघता विचारलं, "कॉफी किती?" म्हटलं, पूर्वीइतकीच, उलट एखादा कप जास्त, सिगरेटच्या बदली. तिथेच मेख होती. धुरातल्या काही रसायनांमुळे यकृतातलं एक एन्झाइम नेहमीपेक्षा जोरात काम करत असतं आणि कॅफीन भराभर निकालात काढतं. धूर थांबला की काही दिवसांत ते एन्झाइम मूळपदावर येतं, आणि तेवढ्याच कपांतलं कॅफीन रक्तात जवळजवळ दुप्पट साचू शकतं. यात निकोटिनचा हात नाही, त्यामुळे निकोटिनचा पॅच (अंगावर चिकटवायची पट्टी) लावला तरी हे होतंच.

कप निम्मे केले, दुपारनंतरचे बंद. झोप लागायला लागली. तलफ होतीच, पण निदान उरलेला त्रास कशाचा ते तरी कळलं.

हेच एन्झाइम काही औषधंही निकालात काढतं. दम्यासाठी थिओफिलीन, किंवा मानसिक आजारासाठी क्लोझापीन, ओलान्झापीन चालू असेल तर सोडण्याआधी डॉक्टरांना सांगाच. मात्रा बदलावी लागू शकते.

चघळणारी

"निकोटिनच्या गमने काही होत नाही" असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणांनी तो साध्या च्युइंगगमसारखा चावलेला असतो. तसा चावला की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचक्या लागतात, मळमळतं आणि तलफ जागच्या जागी राहते. मला औषधाच्या दुकानातल्या बाईंनी काउंटरवर उभं राहून शिकवलं. सावकाश चावायचा, तिखटसर झिणझिण्या आल्या की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मध्ये सरकवून ठेवायचा. झिणझिण्या गेल्या की पुन्हा दोन-चार वेळा चावायचा. असं अर्धा तास. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असताना कॉफी, फळांचा रस, सोडा यांतलं काही नको. तोंडात आम्लता वाढली की निकोटिन नीट शोषलं जात नाही.

२ मिलिग्रॅमचा की ४ चा, हेही बघा. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली पेटवत असाल तर ४ चा. मी तर डोळे उघडायच्या आधी लायटर चाचपणारी.

दिवसभराचा पॅच आणि अधूनमधून गम, असं दोन्ही मिळून एकट्या पॅचपेक्षा किंवा एकट्या गमपेक्षा बरं चालतं. मला ते उशिरा कोणी सांगितलं. तोवर "इच्छाशक्ती हवी गं" हे मात्र येणाराजाणारा सांगून गेला.

एका_दमात

मी काही घेतलं नाही. एका रात्री ठरवलं आणि बंद केली. सुटली. कमी करत करत सोडणारा माझ्या ओळखीत एकही नाही.

चिकित्सक

वरच्या मुद्द्यात एक घोळ आहे. एकदम सोडणं म्हणजे औषधाविना सोडणं नव्हे. ब्रिटनमधल्या सुमारे ७०० जणांवरच्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली आले. ठरल्या दिवशी एकदम थांबलेल्यांपैकी ४९ टक्के लोक चार आठवड्यांनंतरही सिगरेटविना होते; आधी दोन आठवडे कमी करत गेलेल्यांपैकी ३९ टक्के. म्हणजे एकदम सोडण्याचं तुमचं म्हणणं बरोबर. पण त्या चाचणीत निकोटिनचा पॅच आणि गमसारखे प्रकार दोन्ही गटांना दिले होते. तारीख पक्की करा, आणि मदतही घ्या.

घरातली बाजू

मी आयुष्यात ओढलेली नाही, तरी लिहिते, कारण हे दिवस आम्हीही काढतो. नवऱ्याने सोडली त्या आठवड्यात घरात भांडण व्हायला कारण लागत नव्हतं. टॉवेल ओला का, दार का वाजलं, तू अशी का बघतेस. एका संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून डब्याची झाकणं एकमेकांना का लागत नाहीत यावर इतका चिडला, की माझ्या ओठांवर आलं होतं, "जा बाबा, एक ओढून ये आणि आम्हाला सोडव." गिळलं. ते वाक्य बाहेर पडलं असतं तर त्याला तेवढंच निमित्त हवं होतं.

मला न जमलेली गोष्ट म्हणजे वास न घेणं. तो बाहेरून आला की माझं नाक आपोआप त्याच्या कॉलरकडे. त्याला ते कळायचं आणि तो तोंड पाडून बसायचा. शेवटी माझ्या सासूबाईंनीच मला बाजूला घेतलं, म्हणाल्या, तू पोलीस होऊ नकोस. मग "ओढलीस का?" हा प्रश्नच बंद केला. त्याऐवजी रात्री जेवण झाल्या झाल्या दोघं खाली चालायला जायचो, कारण जेवणानंतरची त्याची सगळ्यात जुनी होती. पहिले काही दिवस आम्ही नुसते चालत असू, एक शब्द नाही.

रात्रपाळी

वरचं सगळं ठीक, पण माझी अडचण वेगळी होती. आमच्याकडे सिगरेट ओढणाऱ्याला मध्येच दहा मिनिटं बाहेर जाता येतं, कुणी काही बोलत नाही. सोडल्यावर मी नुसताच बाहेर जाऊन उभा राहिलो तर साहेबांनी विचारलं, "काय झालं? बरं नाही का?" म्हणजे विश्रांतीचा परवाना त्या कांडीच्या नावावर होता. पहाटे तीन ते पाच डोळे मिटायला लागतात, आणि त्या वेळी मला खरं तर सिगरेट नको असायची, ती दहा मिनिटं हवी असायची. बरोबरचे तीन मित्र बाहेर, मी आत एकटा.

मी साहेबांना सरळ सांगितलं, सोडतोय, पण सुट्टीची वेळ सोडत नाहीये. ते हसले, हो म्हणाले. मित्रांबरोबर मात्र पहिला महिना उभा राहिलो नाही. काही जण म्हणतील सवय करून घ्यावी. माझ्या मते पहिल्या आठवड्यात पेटत्या सिगरेटीशेजारी उभं राहून शौर्य दाखवण्यात अर्थ नाही.

कुणी_सांगत_नाही_ते

बद्धकोष्ठ. निकोटिन आतडी हलती ठेवतं. ते गेलं की सकाळचा कार्यक्रम रद्द. पाणी, चालणं, भाज्या, फळं, आणि वेळ. तोंडात फोड येतात, तेही जातात. खोकला काहींना आधी वाढतो, कारण श्वासनलिकेतले झाडूवाले केस पुन्हा कामाला लागून साचलेला कफ वर ढकलतात. त्यावर "बघ, सोडली आणि खोकला लागला" म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. खोकल्यात रक्त दिसलं किंवा तो आठवडेच्या आठवडे हटला नाही, तर मात्र काकांना नव्हे, डॉक्टरांना विचारा.

स्वप्नाळू

मला डॉक्टरांनी व्हॅरेनिक्लिन दिलं होतं. ते सोडायच्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करतात आणि तोवर ओढायला मुभा असते. मेंदूत निकोटिन जिथे जाऊन बसतं त्याच जागा ते अर्धवट अडवतं. तलफ बोथट होते आणि मध्ये ओढलीच तर चव लागत नाही. तारखेच्या आधीच्या दिवसांत मी सवयीने पेटवायचो आणि अर्ध्यात विझवायचो, कंटाळून. मळमळ होते, गोळी जेवणानंतर ग्लासभर पाण्याबरोबर घेतली की बरीच कमी होते.

स्वप्नं मात्र भन्नाट. कॉलेजच्या गच्चीवर मजेत ओढतोय, खाली बाबा उभे. दचकून उठलो तेव्हा आपण खरंच ओढली या अपराधाने पोटात गोळा आलेला. उशाशी हात फिरवून राख शोधली! नुसतं सोडणाऱ्यांनाही अशी स्वप्नं पडतात असं ऐकलं.

पुन्हा_आलेला

मित्राच्या पार्टीत दुसऱ्या ग्लासानंतर एक ओढली. घरी येताना वाटलं, गेलंच सगळं, आता पाकीटच घ्यावं. पाकीट घेतलं नाही, एवढंच. दुसऱ्या दिवशी पॅच लावून पुढे चालू. दारू महिनाभर लांब ठेवली. ती प्यायलो की ठरवलेलं सगळं विसरायला होतं.

आजचाच

सगळं वाचलं. काल रात्री शेवटची ओढली. आत्ता खिडकीत बसून पेन चावतोय. उद्या सकाळी साडेनऊला मोठी मीटिंग आहे, दोन तासांची, आणि पूर्वी अशा मीटिंगआधी दोन ओढून कॉफी घेऊनच आत जायचो. ४ चा गम आणलाय. आधी कॉफी घेऊ की गम?

चघळणारी

गम. नऊला तोंडात टाक, साडेनऊपर्यंत पुरेल. कॉफी मीटिंग संपल्यावर.

कॉफीबाज

आणि अर्धाच कप.