काकांचा सुपर ८ कॅमेरा आणि ११ रिळं सापडली, पुढे काय करू?

पत्र्याची ट्रंक
साताऱ्याचं घर आवरताना माळ्यावर थोरल्या काकांचा सुपर ८ कॅमेरा (घरगुती सिनेमा काढायचा जुना फिल्म कॅमेरा), प्रोजेक्टर आणि ११ रिळं मिळाली. काका बोटीवर होते, ७८-७९ च्या सुमारास जपानहून आणलं असं आत्या म्हणते. काका आता नाहीत. डब्यांवर त्यांच्याच अक्षरात "गणपती", "वेण्णा तलाव", "ताईचं लग्न" असं लिहिलंय. एक कोडाक्रोम ४० चं (कोडॅकची जुनी रंगीत फिल्म) कार्ट्रिजपण, म्हणजे फिल्मची बंद डबी, आहे, शूट केलेलं पण न धुतलेलं वाटतंय. आजी ९१ वर्षांची आहे, तिला हे लवकरात लवकर दाखवायचंय. प्रोजेक्टर लावून बघू का? आणि फेब्रुवारीत बहिणीची हळद आहे ती याच कॅमेऱ्याने काढायची फार इच्छा आहे, जमेल का?

ठाणेकर_८एमएम
प्रोजेक्टर अजिबात लावू नका!! इतक्या वर्षांत फिल्म आकसते, कडक होते, प्रोजेक्टरची नखं फिल्मच्या कडेच्या भोकांत नीट बसत नाहीत आणि भोकं फाटतात, मध्येच अडकली तर दिव्याच्या उष्णतेने ती फ्रेम जळते. आधी एकेक डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ॲसिटेट, म्हणजे फिल्मचं प्लास्टिक, सडायला लागलंय, ती रिळं बाकीच्यांपासून लांब ठेवा आणि स्कॅनला सगळ्यात आधी तीच द्या. कोडाक्रोम असेल तर रंग बघून चकित व्हाल, अंधारात ठेवलेल्या कोडाक्रोमचे रंग फार टिकतात. स्कॅन करून देणाऱ्याला एकच विचारा, फ्रेम बाय फ्रेम करता का, भिंतीवर पाडून त्याचा व्हिडिओ काढणारे असतील तर देऊ नका. माझ्या वडिलांची रिळं मी तशीच करून घेतली होती, सगळा वेळ चित्र लुकलुकतं आणि चेहरे पांढरेफटक, परत सगळा खर्च करावा लागला.

न धुतलेल्या कार्ट्रिजचं मात्र वाईट वाटतं. कोडाक्रोम धुणारी शेवटची लॅब अमेरिकेत कॅन्ससमध्ये होती, तिनेही ३० डिसेंबर २०१० नंतर रिळं घेणं थांबवलं. आता रंग मिळणार नाहीत, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये काही निघालं तर निघालं. तरी टाकू नका.

हळदीचा_उजेड
कॅमेऱ्याबद्दल सांगते, मी चार वर्षं सुपर ८ वर शूट करतेय. सेलच्या खणात पांढरं-हिरवं काही जमलं असेल तर कानकाडीवर लिंबाचा रस घेऊन पुसा, वाळू द्या, मग नवे सेल घालून रिकामाच चालवून बघा, मोटरचा आवाज एकसारखा यायला हवा. फिल्म अजून मिळते, कोडॅक बनवतं. दिवसाच्या हळदीला ५०डी, म्हणजे दिवसाच्या उजेडासाठीची फिल्म, घ्या. कॅमेऱ्यावर सूर्य आणि बल्बची खूण असेल तर ५०डी ला बल्बवर ठेवायचं, उलटं वाटेल पण आतला केशरी फिल्टर तेव्हाच बाजूला होतो, नाहीतर आधीच पिवळ्या हळदीवर अजून केशरी चढेल. जुन्या कॅमेऱ्यांतले उजेड मोजणारे बरेच मीटर ४० आणि १६० एवढेच फिल्म स्पीड ओळखतात, ५० ला ४० धरलं तरी काही बिघडत नाही. आणि फिल्म घ्यायच्या आधी लॅबशी बोला, याला ईसीएन-२ (सिनेमाची फिल्म धुण्याची पद्धत) लागतं, कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओत धुवून मिळत नाही.

एका कार्ट्रिजमध्ये ५० फूट, सेकंदाला १८ फ्रेमच्या वेगाने ३ मिनिटं २० सेकंद. म्हणून झूम नको, कॅमेरा फिरवणं नको. आधी उजेड कुठून येतोय ते बघा, आणि माणसावर निदान ८ सेकंद थांबा. सगळे फुलं आणि रांगोळीच काढत बसतात, पण चाळीस वर्षांनी बघताना डोळे माणसंच शोधतात. जात्यापाशी बसलेल्या बायका काढा, स्वयंपाकघर काढा, आजीचे हात काढा.

एडिसनची_सून
इकडून अमेरिकेतून कोणी फिल्म आणणार असेल तर चेक-इन बॅगेत नको, हातातल्या बॅगेत ठेवून हाताने तपासायची विनंती करायला सांगा, नवीन सीटी स्कॅनरने न धुतलेली फिल्म खराब होते.

आणि मनापासून एक सांगते, स्कॅन आलं की आजींना दाखवताना शेजारी फोनवर त्यांचा आवाज रेकॉर्ड करा. ही रिळं बहुतेक मुकीच असणार. आमच्याकडे सासऱ्यांची सहा रिळं आहेत, चित्र सुंदर आहे, पण अर्धी माणसं कोण हे सांगणारं आता कुणीच उरलं नाही.

पत्र्याची ट्रंक
सगळ्यांचे खूप आभार. आज सगळ्यांचा वास घेतला, फक्त "ताईचं लग्न" ला आंबूस वास आहे. त्याचं सुरुवातीचं टोक हलकेच खिडकीच्या उजेडात धरून फोनने फोटो काढला, मोठा केला तर कुणा बाईचा गळा आणि ठुशी दिसतेय, चेहरा नाही. आजीला दाखवलं. म्हणाली, ठुशी माझी, त्या दिवशी तुझ्या आत्याला घातली होती. रेकॉर्डिंग आजच सुरू केलं. उद्या हेच रीळ आधी पाठवतोय.