विषय खुर्ची, मग आशय काय? मुलांना कसं समजवायचं?

काजळकाडी

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना चित्रकला शिकवते. हात चांगले आहेत पोरांचे, रंगाला घाबरत नाहीत. गाडी अडते ती रसग्रहणाच्या तासाला. ‘विषय ओळखा’ म्हटलं की क्षणात ओळखतात. ‘आशय लिहा’ म्हटलं की वह्यांमध्ये सुविचारांचा पाऊस.

परवा व्हॅन गॉगची खुर्ची दाखवली. १८८८ची, पिवळी, गवती बैठकीची. बैठकीवर पाइप आणि तंबाखूची पिशवी. (पाइप दाखवायचा म्हणजे पुढची दहा मिनिटं गेलीच.) विषय? ‘खुर्चीऽऽ’, सगळे एका सुरात. आशय? वहीतली उत्तरं जशीच्या तशी देते:

‘खुर्ची म्हणजे सत्ता. सत्ता आज आहे, उद्या नाही.’

‘चित्रकाराने धूम्रपानाचे दुष्परिणाम दाखवले आहेत.’

‘चित्रकाराने कान कापला होता, म्हणून तो दुःखी आहे.’

आणि तिघांनी लिहिलंय, ‘या चित्रातून एकतेचा संदेश मिळतो.’ अख्ख्या चित्रात एकच खुर्ची, तिथे एकता कुठून आली देव जाणे.

आधी हसू आलं, मग लक्षात आलं की घोळ माझाच आहे. फळ्यावर व्याख्या मीच लिहून दिली होती: विषय म्हणजे चित्रात काय दिसतं, आशय म्हणजे चित्रकाराला काय सांगायचं आहे. ‘सांगायचं’ हा शब्द ऐकला की पोरं चित्राकडे पाठ फिरवतात आणि वाक्य शोधायला लागतात.

त्यात एकाने उभं राहून विचारलं, ‘मॅडम, आशय ज्याचा त्याचा असतो असं तुम्हीच म्हणाला होतात. मग मला दहापैकी तीनच का?’ सत्तेवालाच तो. मी ‘नीट बघून लिही’ म्हणून वेळ मारून नेली, पण ते काही उत्तर नव्हे. तुम्ही लोक हे कसं शिकवता? आणि या मुलाला मी काय सांगू?

जुना ब्रश

ताई, आधी ती व्याख्या पुसा. मीसुद्धा निम्मी नोकरी तीच लिहून देण्यात घालवली, तेव्हा हे टोचून बोलतो असं समजू नका.

माझा अनुभव असा की एकट्या चित्राचा आशय विचारूच नये. पोरांकडे तुलनेला काही नसतं, मग ती डोक्यातलं ओततात. तुमच्या खुर्चीला तर तिचा जोडीदार आयता आहे. त्याच वेळी व्हॅन गॉगने आपला चित्रकार मित्र गोगँ याचीही खुर्ची रंगवली. ती हातांची, गोलाईची, ऐटीतली. बैठकीवर जळती मेणबत्ती आणि दोन पुस्तकं, मागच्या हिरव्या भिंतीवर पेटलेला दिवा, म्हणजे रात्र. आणि स्वतःची खुर्ची? सरळसोट लाकडाची, दिवसाच्या उजेडात, खाली लाल फरश्या, मागे खोक्यात मोड आलेले कांदे आणि त्याच खोक्यावर ‘व्हिन्सेंट’ अशी सही. दोन्ही शेजारी लावा आणि एवढंच विचारा: यातल्या कुठल्या माणसाशी तुमची लवकर गट्टी जमेल? चित्रात माणूस नाही, तरी सगळे उत्तर देतात. मग विचारा, ‘कशावरून?’ आशयाचा तास तिथून सुरू होतो.

‘कशावरून’ हा शब्द मी वहीच्या समासात आखूनच देतो. डावीकडे वाक्य, उजवीकडे कशावरून. उजवी बाजू कोरी राहिली तर डाव्या बाजूला मार्क नाहीत. तुमच्या सत्तेवाल्याला हेच उत्तर द्या. सत्ता म्हणायला माझी हरकत नाही बाळा, पण त्या खुर्चीत सत्तेचं काय आहे ते बोट ठेवून दाखव. गवताची बैठक दाखवणार की कांदे?

थोडी तयार झाली मुलं की स्पेनचा गोया आणि फ्रान्सचा माने, दोघे चित्रकार. गोयाचं ‘३ मे १८०८’, रंगवलं १८१४मध्ये. मेक्सिकोचा सम्राट मॅक्सिमिलियन याला गोळ्या घातल्या गेल्या, तो प्रसंग मानेने रंगवला; घटना १८६७ची, आणि तो दोनेक वर्षं त्यावर पुन्हा पुन्हा काम करत होता. गोयाची चित्रं त्याने माद्रिदला १८६५मध्ये पाहिली होती. विषय बघाल तर एकच: उजवीकडे बंदुका रोखलेली रांग, डावीकडे मरणारी माणसं.

आता बघायला लावा. गोयाच्या चित्रात रात्र आहे, जमिनीवर कंदील ठेवलाय आणि त्याचा सगळा उजेड पांढऱ्या सदऱ्यातल्या माणसावर. तो गुडघ्यावर आहे तरी केवढा मोठा. उभा राहिला तर शिपायांच्या डोक्यावरून जाईल. उजव्या तळव्यावर खिळ्याच्या जखमेसारखी खूण. शिपायांचे चेहरे एकाचेही दिसत नाहीत. मानेच्या शेवटच्या मोठ्या चित्रात लख्ख दिवस. बंदुका इतक्या जवळ की नळ्या छातीला लागतील. भिंतीवरून लोक डोकावताहेत. आणि सगळ्यात उजवीकडे एक शिपाई, या सगळ्याकडे पाठ करून स्वतःची बंदूक तपासतोय, जणू कुणी हातात कामाची यादी दिलीय.

माझ्या वर्गात एक मुलगी त्या शिपायाकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘सर, पहिल्या चित्रात मारणं म्हणजे पाप आहे, दुसऱ्यात ड्युटी आहे.’ आशय हा शब्द तोवर मी उच्चारलाही नव्हता. नंतर मी फक्त एक गोष्ट पुरवली: मॅक्सिमिलियनला गादीवर बसवलं फ्रान्सने आणि सैन्य काढून घेऊन वाऱ्यावर सोडलंही फ्रान्सनेच. मारणारे मेक्सिकन, पण मानेने त्यांच्या अंगावर चढवलेले गणवेश फ्रेंचांच्या गणवेशासारखे दिसतात. याच प्रसंगाचं शिळाछाप चित्र छापायला फ्रान्सच्या सरकारने मनाई केली, ती उगीच नाही. ही माहिती मी आधी सांगितली असती तर पोरांनी तीच लिहून काढली असती. म्हणून आधी डोळा, माहिती मागून.

तिरकी रेघ

मी शिकवत नाही, चित्रं काढतो. शाळेत या ‘आशय लिहा’ने माझा चित्र बघण्यातला जीव घेतला होता म्हणून लिहितोय. आपले चित्रकार गायतोंडे, त्यांच्या चित्रापुढे काय करणार तुम्ही? त्यांना तर आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हटलेलंही आवडत नसे. तिथे विषयच नाही. समास कोराच राहणार. काही चित्रांपुढे पोरांना नुसतं उभं राहू द्या की. नाही लिहिलं काही तर बिघडलं कुठे?

जुना ब्रश

नुसतं उभं राहू द्यावं, एकदम मान्य. पण समास तिथेही कोरा राहत नाही हो. रशियन चित्रकार मालेविचचा काळा चौकोन घ्या, १९१५चा. पांढऱ्यावर काळं, बाकी काही नाही. पण प्रदर्शनात त्याने तो टांगला होता खोलीच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे रशियन घरांत देवाची तसबीर असते. हे कळल्यावर चौकोनाकडे पुन्हा बघा. विषय गेला तरी आशय जात नाही, तो जागा बदलतो. पोरांना मात्र हे शेवटी दाखवायचं. सुरुवातीलाच दाखवलं तर ‘हे तर मीपण काढीन’ यात तास संपतो.

पानगळ

मानेवाली मुलगी आवडली. मला त्या तीन मार्कवाल्या मुलाचा प्रश्न जास्त रुतला, कारण मोठमोठी माणसंही त्यात आपटली आहेत.

व्हॅन गॉगचंच, १८८६चं, जुन्या बुटांचं चित्र. हायडेगरसारख्या तत्त्वज्ञाने त्यात शेतकरी बाई पाहिली. तिची ओल्या मातीतली पायपीट, तिचे कष्ट, तिची जमीन. वाचताना अंगावर काटा येतो. मग १९६८मध्ये मेयर शापिरो या कला-इतिहासकाराने म्हटलं, थांबा, तेव्हा व्हॅन गॉग पॅरिसमध्ये राहत होता, हे त्याचे स्वतःचे बूट आहेत. झालं, बाई गेली. त्यांचं भांडण पुढे इतरांनीही चालवलं, पण वर्गापुरता मुद्दा एवढाच की ‘ज्याचा त्याचा’ म्हणून सुटका होत नाही. चित्रात बुटांखाली शेतातला चिखल नाही, शेत नाही, बाई तर नाहीच. आणलेलं आणि सापडलेलं यातला फरक मुलांना या एका जोडाने कळतो.

म्हणून कानवाल्या उत्तराकडेही नीट बघा. खुर्च्यांची चित्रं सुरू झाली नोव्हेंबर १८८८मध्ये, कानाचा प्रकार २३ डिसेंबरचा. एखादं चौकस पोर शोधून काढेल की स्वतःच्या खुर्चीवर त्याने जानेवारीत पुन्हा काम केलं होतं. काढू दे! मग वाद तारखांचा आणि रंगांचा होईल, हळहळीचा नाही.

काजळकाडी

सगळ्यांचे आभार. तिरकी रेघ, तुमचंही डोक्यात ठेवलं: आता तासाची पहिली पाच मिनिटं कुणी काही लिहायचं नाही, पेनं बंद.

जोडीच्या खुर्च्या लावल्या. ‘कशावरून’चा समास आखून दिला. पहिल्याच फेरीत ‘एकता’ गेली, आपोआप. गोगँच्या खुर्चीबद्दल एकीने लिहिलं, ‘हा माणूस रात्री वाचतो आणि मेणबत्ती न विझवता निघून जातो.’ समोर कशावरून: ‘ज्योत.’ मी पूर्ण मार्क दिले.

पण बघून कळलं तरी हाताला कळतं का, हे बघायचं होतं. म्हणून दुसऱ्या तासाला गृहपाठ. चपलांची एक जोडी दोनदा काढायची. एका चित्रात माणूस नुकताच घरात आलाय, दुसऱ्यात तो परत येणार नाहीये. माणूस काढायचा नाही, अक्षर लिहायचं नाही, चपलांशिवाय दुसरी वस्तू नाही.

बऱ्याच जणांनी दुसऱ्या चित्रात चपला फाडल्या. काहींनी कोळ्याचं जाळं घातलं. ती दुसरी वस्तू धरायची की नाही यावर वर्गात तुंबळ झालं, मी मध्ये पडले नाही. एकीने दुसरं चित्र काळंकुट्ट रंगवलं. सत्तेवाल्याने दोन्ही जोड्या सारख्याच काढल्या होत्या. तीच चप्पल, तोच तुटका अंगठा, तोच उजेड. आधी वाटलं, कंटाळा केलाय. मग दिसलं, की पहिल्या चित्रात एक चप्पल पुढे, एक तिरकी, जशी घाईत निघते तशी. दुसऱ्यात दोन्ही भिंतीला लावून, टाचेला टाच, अगदी सरळ.

‘कशावरून?’ मी विचारलं.

‘मॅडम, स्वतःच्या चपला एवढ्या नीट कोण लावतं? ह्या दुसऱ्या कोणीतरी लावल्यात.’