अंगाची खाज : घरी काय केलंत, काय लागू पडलं, काय अंगाशी आलं?

भाकरतुकडा

गेल्या मंगळवारी रात्री साडेअकराला अंगावर पित्त उठलं. आधी मनगट, मग पोट, मग मांड्या. हातभर गांधी, त्याही जागा बदलणाऱ्या. आईला फोन केला तर तिने झोपेतच सांगितलं, "चार आमसुलं भिजत घाल आणि त्या पाण्याने अंग पूस." घरात फक्त फ्रिजमधलं पाणी होतं, त्यातच कुस्करली. अर्ध्या तासात खाज उतरली, चादर मात्र कायमची जांभळी झाली. तेव्हापासून डोक्यात आहे की गुण आमसुलाचा होता की गारव्याचा?

तुमचे अनुभव लिहा. स्वतःचे किंवा घरातले. फसलेले असतील तर आधी तेच लिहा.

रात्रपाळी

फसलेल्यात माझा नंबर पहिला. जांघेत नायटा झाला. लाजेपोटी डॉक्टरकडे गेलो नाही, मेडिकलमधून ट्यूब आणली. चौथ्या दिवशी साफ! म्हणून बंद केली. पंधरा दिवसांनी परत, आधीपेक्षा मोठा. परत ट्यूब. असं दहा महिने चाललं. शेवटी कंबरेपर्यंत आला आणि बायकोलाही लागला.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचायला लावली. त्यात बुरशीच्या औषधाबरोबर क्लोबेटासोल होतं, म्हणजे जोरकस स्टिरॉइड. खाज आणि लाली त्याने दबते, बुरशी मात्र खाली आरामात पसरते. नायट्याची ती गोल कडासुद्धा पुसट होते, त्यामुळे पुढे ओळखायलाही जड जातं. मग गोळ्या आणि साधं बुरशीचं मलम, डागाच्या कडेबाहेर दोन बोटं जाईल असं, दोघांनी एकदमच. डाग गेल्यावरही दोन आठवडे लावायला सांगितलं होतं. जीन्स बंद, टॉवेल वेगळे, आतले कपडे उलटे करून कडक उन्हात.

आजी गजकर्णाला टाकळ्याचं बी ताकात वाटून लावायची. मी तेही करून पाहिलं. दोन दिवस वास तेवढा आला.

लोकलकर

घामोळ्यांवर पावडर थापू नका एवढंच सांगतो. घामाची तोंडं बुजलेली असतात म्हणून तर घामोळी येतात, त्यात घाम आणि पावडर मिळून गिलावा होतो. गार पाण्याने आंघोळ, सुती सदरा, गुलाबी कॅलामाइन, आणि पंख्याखाली गप्प पडून राहणे. मुलाला तीन दिवसांत उतार पडला.

माळरान

आमच्याकडे वडिलांचं. दर पावसाळ्यात मान, चेहरा, कोपराच्या खोबणी लाल व्हायच्या, पापण्या सुजायच्या, पुढेपुढे कातडी हत्तीसारखी जाड झाली. आम्ही रक्त बिघडलंय म्हणून कडुलिंबाचा रस पाजत होतो. निघालं गाजरगवत. १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेस पडलेलं हे परदेशी तण आता कुठल्या बांधावर नाही? ते उपटतानाच त्रास होतो असं नाही. वाळलेला भुगा वाऱ्यावर उडून येतो, म्हणून उघड्या भागावरच जास्त.

कडुलिंबाच्या पाण्याने बरं वाटायचं, पण तेवढ्यापुरतंच. खरा फरक पडला तो त्यांनी खुरपणी सोडली तेव्हा. आता शेतात गेलेच तर पूर्ण बाह्या, उपरणं तोंडाला, आणि घरात पाऊल टाकायच्या आधी मोरीवर अंग धुणं. डॉक्टरांचं मलम आहेच. उपटायचंच असेल तर फुलं यायच्या आधी, हातमोजे घालून.

चुलीपाशी

पायात काटा मोडला की आमच्याकडे बिब्बा घालायचे. बहिणीला घालताना गरम बिब्ब्याचं तेल माझ्या अंगठ्यावर उडालं. मी तोच हात मानेला लावला. दुसऱ्या दिवशी मान उतली, टपोरे पाण्याचे फोड. खोबरेल लावत राहिलो, आग थोडी कमी झाली, फोड मात्र जायचे तेव्हाच गेले. काळा डाग वर्षभर होता. कपडे ओळखायला परीट कॉलरपाशी काळी खूण करायचा, तीही पूर्वी बिब्ब्याचीच असायची, काहींना नेमकं तिथेच, मानेच्या मागे, खाजायचं म्हणतात.

वसतिगृह_१२

रात्री अंथरुणात शिरलं की खाज, बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, बेंबीभोवती. खोलीत चौघे, चौघांनाही. आम्ही ढेकूण समजून गाद्या उन्हात टाकल्या! खरूज होती, म्हणजे कातडीत शिरणारे बारीक किडे. परमेथ्रिनचं पाच टक्क्यांचं मलम चौघांनी एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावलं, नखांखालीसुद्धा, सकाळी धुतलं, आठवड्याने परत. कपडे गरम पाण्यात. एकाने "मला कमी आहे" म्हणत पहिल्यांदा टाळलं होतं, त्याच्यामुळे सगळी फेरी पुन्हा करावी लागली. किडे मेल्यावरही दोन-तीन आठवडे खाज राहते. त्या काळात घाबरून रोज मलम चोपडू नका. आम्ही चोपडलं, कातडी सोलवटली.

अंगणवेल

आईला पाठीपासून छातीपर्यंत एकाच बाजूला पुरळ उठलं. आधी खाज, मग आग. शेजारच्या काकू म्हणाल्या नागीण आहे, गेरू लावा, आणि तोंड-शेपूट मिळालं की माणूस दगावतो. घाबरून आम्ही चार दिवस गेरूच लावत बसलो. नागीण म्हणजे लहानपणच्या कांजिण्यांचाच विषाणू, शरीरात दबा धरून बसलेला. त्यावर गोळ्या आहेत, पण पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू केल्या तर खरा उपयोग. आमचे ते तास गेरूत गेले. पुरळ महिन्यात वाळलं, आईच्या बरगडीतली कळ अजून आहे. आणि दोन टोकं मिळून कुणी मरत नाही, हे डॉक्टरांनी तिला दोनदा सांगावं लागलं.

लांबची_पाहुणी

कॅनडातल्या थंडीत मला पुरळ नव्हतंच, नुसती नडगी खाजायची आणि खाजवून खाजवून रक्त यायचं. इलाज साधा निघाला. कढत पाण्याची आंघोळ सोडली, अंग ओलसर असतानाच व्हॅसलिन लावते. कोरड्या अंगावर खोबरेल चोळून काही होत नव्हतं.

रात्रपाळी

भाकरतुकडा, पित्ताबरोबर ओठ, जीभ सुजली, आवाज घोगरा झाला किंवा दम लागला तर आमसूल शोधत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. माझ्या मेव्हण्याला कोळंबी खाल्ल्यावर झालं होतं, इंजेक्शनवर निभावलं.

भाकरतुकडा

लक्षात ठेवते. काल परत उठलं, या वेळी फक्त दोन्ही हातांवर. म्हटलं, बरी संधी आहे. उजव्या हाताला गार आमसुलाचं पाणी, डाव्याला नुसतं फ्रिजमधलं. घड्याळ समोर ठेवून बसले. पंचवीस मिनिटांनी दोन्ही हात सारखेच शांत. उजवा तेवढा चिकट.

आईला अजून कळवलेलं नाही.