विषय: पुन्हा: कोरोनातली तिकिटं, लूट की हिशेब?

नमस्कार मंडळी,
गणपतीच्या मीटिंगमध्ये हा विषय अर्धाच राहिला. २०२१मध्ये मी पुण्यात अडकले होते. सिडनीचं इकॉनॉमीचं तिकीट पुन्हा पुन्हा रद्द व्हायचं, आणि त्याच विमानात बिझनेस क्लास मात्र मिळत होता! ही लूट नाही तर काय? मिलिंद, तू विमानांच्या मेंटेनन्समधला, तूच सांग.
– सुलभा

सुलभाताई,
कंपन्यांना साधुसंत मी म्हणणार नाही, पण हिशेब बघा. ऑस्ट्रेलियात येणाऱ्या प्रत्येकाला चौदा दिवस हॉटेलात ठेवायचं, म्हणून इथल्या सरकारने जुलै २०२०पासून प्रवाशांवर मर्यादा घातली. वर्षभराने ती निम्मी केली, देशभर मिळून आठवड्याला जेमतेम ३,०००. एकेका मोठ्या विमानाच्या वाट्याला तीस-चाळीस माणसं. इंधन आणि क्रूचा खर्च काही त्या प्रमाणात उतरत नाही. मग त्या मोजक्या जागा कोणाला मिळणार? जो जास्त मोजेल त्याला.

तरी विमानं उडवली, कारण पोटात माल होता. एरवी जगातला जवळपास निम्मा हवाई माल प्रवासी विमानांतूनच जातो. ती थांबली आणि मालाचे दर कडाडले. इथलं मटण, मासे परदेशी पोचावेत म्हणून सरकारने एप्रिल २०२०मध्ये मालवाहतुकीला अनुदानही दिलं. थोडक्यात, वर तुम्हाला जागा नव्हती, खाली मटणाला होती.

आणि उभं विमानही खातंच. सिंगापूर एअरलाइन्सने ए३८० ही अवाढव्य दुमजली विमानं ऑस्ट्रेलियाच्या मध्यावरच्या वाळवंटी अ‍ॅलिस स्प्रिंग्जला ठेवली, क्वांटास या ऑस्ट्रेलियन कंपनीने कॅलिफोर्नियात व्हिक्टरव्हिलला. कोरड्या हवेत गंज कमी. तरी इंजिनांची तोंडं झाकायची, टायर एका जागी चपटे होऊ नयेत म्हणून चाकं फिरवायची, वेग मोजायच्या नळ्यांवर टोप्या चढवायच्या. ब्रिस्बेनला त्या नळ्यांत कुंभारमाश्या चिखलाची घरटी करतात, आणि नळी बुजली की वैमानिकाला वेग चुकीचा दिसतो. व्हिक्टरव्हिलला तर चाकांपाशी रॅटलस्नेक, म्हणजे विषारी साप, येऊन बसायचे. इंजिनिअर आधी झाडूच्या दांड्याने चाकं बडवायचे, मगच खाली वाकायचे. आमच्या धंद्याच्या कुठल्या पुस्तकात हे नव्हतं!

माणसांचं त्याहून अवघड. नव्वद दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग झाली नाहीत तर वैमानिकाला आधी सिम्युलेटरवर (नकली कॉकपिटमध्ये) सराव करावा लागतो. क्वांटासने २०२०मध्ये सुमारे १,७०० ग्राउंड स्टाफचं काम बाहेर देऊन टाकलं. पुढे २०२३मध्ये हायकोर्टाने (इथलं सर्वोच्च न्यायालय) ते बेकायदा ठरवलं. सीमा २१ फेब्रुवारी २०२२ला उघडल्या, पण अनुभवी माणसं तोवर पांगली होती. त्या ईस्टरच्या सिडनीच्या रांगा आठवतात ना?
– मिलिंद

मिलिंददादा,
मर्यादेचं एकवेळ समजलं. पण ३ मे २०२१पासून भारतातून येणाऱ्या स्वतःच्याच नागरिकांना पाच वर्षांच्या तुरुंगाची धमकी? अमेरिकेत लाट होती तेव्हा असलं काही नव्हतं. दोन आठवड्यांत ते संपलं म्हणून काय झालं? हे पाप विमान कंपन्यांच्या माथी मारता येणार नाही.
– हेमंत

हेमंत, शंभर टक्के. त्या दिवसांत आई रोज विचारायची, "तुला पकडणार का गं?"
मिलिंद, बिझनेस क्लासवरचा राग थोडा उतरला, एजंटवरचा नाही. रद्द तिकिटांच्या पैशांऐवजी त्याने क्रेडिट दिलं आणि सीमा उघडायच्या आत त्याची मुदत संपली. कोणी असे पैसे परत मिळवले असतील तर कृपया मला वेगळी मेल करा, सगळ्या लिस्टला नको.
– सुलभा